अहेव नवमी

ट्रकचा आवाज सगळ्यांत आधी गिदोनला ऐकू आला. उभा जन्म दौंडच्या लोकोशेडमध्ये हातोड्यांच्या ठणठणाटात काढलेल्या माणसाचे कान म्हातारपणी जातात म्हणतात. गिदोनचे कान मात्र सोयीने जात आणि सोयीने येत. मेरीसूनबाई बाजारातून भाजी आणायला सांगू लागल्या की जात, आणि हव्या त्या वेळी थेट चौफुल्यापर्यंतचं ऐकत.

"आला," तो हळूच हन्नाला म्हणाला.

हन्ना, त्याची लेक, दौंडहून सकाळच्या गाडीने आली होती. ती कप पुसत होती. "आबा, अजून वेळ आहे. बन्यामीनदादाला आत्ताच सांगा. दारात ट्रक उभा राहिल्यावर सांगण्यापेक्षा बरं."

"दारात ट्रक उभा राहिल्यावर सांगायला काय उरतंय? त्याला दिसंलच की," गिदोन म्हणाला आणि टोपी नीट करून ओसरीवर जाऊन बसला.

केडगावच्या त्या घरात आज गिदोनच्या बायकोचं, कृपाबाईंचं, वर्ष होतं. पानशेत फुटलं त्याच पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. बन्यामीनने, म्हणजे थोरल्या मुलाने, स्मरणार्थ उपासनेची सगळी आखणी केली होती. चार वाजता पाळकसाहेब येणार, दोन गीतं, एक वचन, थोडं मनोगत, मग चहा आणि बिस्किटं. बन्यामीन मिशनच्या शाळेत मास्तर होता, त्यामुळे त्याला सगळं वेळेवर लागे. शिवाय उद्या रविवारी उपासनेनंतर चर्चची मंडळी नवा वडील, म्हणजे कारभारी पंच, निवडणार होती आणि बन्यामीनचं नाव पुढे होतं. गेला महिनाभर तो घरात चालतानासुद्धा वडिलासारखा चालत होता.

गिदोनला गीतं, वचन, बिस्किटं यांतलं काही नको होतं असं नाही. पण त्याची भूक वेगळीच होती. लग्न झालं तेव्हा कृपाला मिशनने नदीपल्याड, शिरूरच्याही उत्तरेला, आंबेदऱ्याच्या दवाखान्यावर नेमलं. गिदोन दौंडला इंजिनं दुरुस्त करी, कृपा पल्याडच्या माळावर बाळंतपणं करी. शनिवारी त्याला सुट्टी मिळाली तर तो जाई, नाही तर नाताळात ती येई. अर्धा संसार असा नदीच्या दोन अंगांना झाला; मुलं दूध सुटल्यावर दौंडला आजीकडे वाढली. पुढे ती दौंडला राहायला आली ती कडक शिस्तीची बाई होऊन. रविवारी मुलांनी शिट्टी वाजवली तर जेवण बंद, आणि हसायचं झालं तरी पदराआड. ती शेवटची आजारी पडली तेव्हा गिदोनच्या ध्यानात आलं, की आपण हिला निम्मीच ओळखतो. उरलेली निम्मी आंबेदऱ्याच्या लोकांकडे होती. ते लोकही आता पिकली पानं झाले होते. आज नाही ऐकलं तर पुन्हा कोण सांगणार, या धास्तीने त्याने यष्टीच्या डायव्हरबरोबर निरोप धाडला होता, शनिवारी कृपाचं वर्ष हाय, चौघी-पाच जणी या.

चौघी-पाच जणी म्हटलं होतं. दारात थांबलेल्या कांद्याच्या ट्रकमधून बायका उतरतच राहिल्या.

त्यांच्यामागून पाट्या उतरल्या. एका पाटीत पुरणपोळ्यांची चवड, एकीत भजी आणि कुरडया, पितळी डब्यात कटाची आमटी. सगळ्यांत शेवटी उतरली साखरबाई, सत्तरीला टेकलेली, ताठ, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेली. तिच्या हातातल्या ताटात हिरवं लुगडं, खण, नारळ, गहू आणि हिरव्या बांगड्यांचा चुडा होता. ट्रक हाकणारा तिचा मुलगा जयसिंग, आंबेदऱ्याचा सरपंच, मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "रामराम, दाजी! पोळ्या गरम हायती, न्हावऱ्यापास्नं दामटली गाडी."

बन्यामीन बाहेर आला. त्याच्या हातात गीतांची पुस्तकं होती. त्याने ट्रक पाहिला, बायका पाहिल्या, मग ताटातलं हिरवं लुगडं पाहिलं.

"आबा, हे काय आहे?"

"आंबेदऱ्याची माणसं. तुझ्या आईची."

"ते दिसतंय. हे ताट काय आहे?"

त्याचं उत्तर साखरबाईने दिलं. "आरं, आज नवमी न्हाई का? अहेव नवमी. दाजींनी बराबर दिस धरला बघ! निरोप आला तवाच मी रंगूला म्हनलं, मानूस बाटलं-बिटलं म्हनत्यात, पर बायकोची नवमी इसरलं न्हाई."

झालं होतं ते असं. पितरपाटात नवमीला, नवऱ्याआधी सौभाग्यानं गेलेल्या बाईच्या नावाने घरातल्या सवाष्णीची ओटी भरतात, तिला लुगडं-चोळी करून जेवू घालतात. गिदोनने फक्त कॅलेंडरातला शनिवार बघितला होता, बन्यामीनला सुट्टी म्हणून. पण पितरपाटातल्या नवमीला, गेलेल्या बायकोच्या नावाने बोलावणं आलं, तर आंबेदऱ्यातल्या कुठल्या बाईला त्याचा दुसरा अर्थ लागणार होता?

"बसा, बसा, पाणी घ्या," असं म्हणत बन्यामीनने बापाचं कोपर धरलं आणि त्याला माजघरात नेलं. मागोमाग हन्ना आली. मेरी आधीच तिथे उभी होती.

"उद्या निवडणूक आहे," बन्यामीन दबक्या आवाजात म्हणाला. "आणि आज माझ्या दारात मेलेल्यांच्या नावाने जेवणावळ? चार वाजता सगळी मंडळी येतील. पाळकसाहेब काय म्हणतील?"

"पोळी कुणी केली म्हणतील," हन्ना म्हणाली.

"हन्ना, चेष्टेची वेळ नाही. मेरी, तू सांग. तुझीच ओटी भरायला आल्यात त्या."

मेरी अहमदनगरच्या मास्तरांची मुलगी. तिने नवऱ्याचीच बाजू घ्यायची असं ठरवलेलं असे, कारण त्याने घर शांत राहतं. "खरं आहे ह्यांचं, आबा," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "बांगड्या काचेच्या आहेत का हो?"

"मी मला जसं सुचलं तसं बोलावलं," गिदोन म्हणाला. "चूक माझी. पर त्यांना परत लावून देऊ नको, बन्यामीन. मला फकस्त ऐकायचंय. तुझी आई तिकडं कशी होती ते."

"कशी होती म्हणजे? आपल्याला ठाऊक आहे की आई कशी होती."

"तुला असंल ठाऊक," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

बन्यामीन बाहेर गेला. वाईट बोलायचं नाही, पण स्पष्ट बोलायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. शाळेत पोराला नापास झाल्याचं सांगताना तो असाच घसा साफ करी. गिदोन उंबऱ्यात उभा राहिला. त्याला आपले कान आत्ता गेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

"साखरबाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, आम्हाला आनंद आहे. पण आमच्यात गेलेल्यांच्या नावाने जेवण घालत नाहीत. ओटी, कुंकू, हे काही चालत नाही. तुम्हाला राग येणार नसेल तर..."

"राग कशाचा?" साखरबाई म्हणाली. "न्हाई चालत तर न्हाई. जयसिंगा, पाट्या चढीव." ती उठू लागली आणि मधेच थांबली. "एवढंच सांग, बेंजा. तुझी आई आमच्याकडं नवमीला ओटी घ्यायची का न्हाई?"

"आई? शक्यच नाही."

यावर ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या, तेही तोंडावर पदर न घेता.

"दर साली घ्यायची," साखरबाईची जाऊ रंगुबाई म्हणाली. "माझी धाकली जाऊ अहेव गेली. कृपाबाईंच्याच हातात बाळंतपनात गेली, म्हनून त्या स्वता यून पाटावर बसायच्या. कुंकू लावायच्या न्हाईत. आमीबी त्यांच्या कपाळाला कवा हात लावला न्हाई. ओटी घ्यायच्या, डोळं मिटून त्यांच्या देवाला सांगायच्या, हे धान्य तूच दिलंस, आन् मंग चार पोळ्या खायाच्या. तूप वरनं मागून घ्यायच्या."

"आईला तूप आवडायचं नाही," बन्यामीन म्हणाला.

"तुमच्या वाटंला ऱ्हावं म्हनून आवडत नसंल," साखरबाई म्हणाली.

गिदोन पुढे सरकून ओसरीच्या कडेला बसला. त्याला विचारायचं एवढं होतं की पहिलं काय विचारावं ते कळेना. "आन् काय करायची?" एवढंच त्याने विचारलं.

हा प्रश्न विचारण्याची खोटी होती. पाट्या चढवायचं तसंच राहिलं. एक सांगू लागली की दुसरी तिला थांबवून, तसं न्हाई, असं, म्हणत पुढचं सांगू लागली. कृपाबाईंना बैलगाडी हाकता येत होती आणि अडलेली बाई असली की त्या गाडीवानाला मागे बसवून कासरा स्वतः धरत. पंचमीला त्या फुगडी घालत आणि त्यांच्याबरोबर फुगडी घातलेली बाई दोन दिवस कंबर धरून बसे. पाटलाने दवाखान्याच्या आडावरून भांडण काढलं, तेव्हा त्यांनी आडाच्या काठावर खुर्ची टाकून दिवसभर विणकाम केलं. पाटील संध्याकाळी आपणच लाजून गेला.

"फुगडी? आई?" बन्यामीन उभाच होता. पुस्तकं त्याच्या हातात तशीच होती.

"आन् शिट्टी! दोन बोटं तोंडात घालून," रंगुबाई म्हणाली. "पार नदीपतुर ऐकू जायची."

हन्नाने कपाळावर हात मारला. "आणि आम्हाला शिट्टीसाठी उपाशी ठेवत होती!"

गिदोन हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्याने पुसलं नाही. मेरी कधीच बाहेर येऊन साखरबाईच्या शेजारी बसली होती आणि ताटातला चुडा बोटांनी चाचपत होती. काचेच्याच होत्या बांगड्या.

"बेंजाचं सांगा," मेरी म्हणाली. "ह्यांना बेंजा का म्हणता तुम्ही?"

साखरबाईने बन्यामीनकडे पाहिलं. "सांगू का?"

"मला काय विचारायचंय? सांगा."

"मांडीवर घेतल्यावर बन्यामीन म्हनाया जड, म्हनून बेंजा. तू आंबेदऱ्यात जल्मलास तवा कृपाबाईला ताप भरला. अंगावर दूध न्हाई. गावात एकच नवी बाळंतीन, मी. हा जयसिंग म्हैन्याचा होता. मी एकीकडं ह्याला घेतला, दुसरीकडं तुला. तू जास्ती प्यायचास."

जयसिंग सरपंच ट्रकच्या फाळक्याला टेकून बिडी ओढत होता. त्याने ती विझवली. "आये, हे मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू हिशेब मागितला असतास," साखरबाई म्हणाली.

बन्यामीन बापाकडे वळला. "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"गावातल्या कुन्या बाईनं दूध पाजलं एवढं कृपानं सांगितलं हुतं. कोन ते न्हाई. सांगू नको म्हनली असंल बाई."

"म्हनलेच होते मी," साखरबाई म्हणाली. "तवाचे दिस काय होते! पाटलाच्या सुनंनं किरिस्तावाचं, त्यातबी मूळच्या म्हारवाड्यातलं लेकरू अंगाशी लावलं म्हनून गाव उठलं. माझ्या सासूनं मला सव्वा म्हैना चुलीला शिवू दिलं न्हाई. मी म्हनलं, लई बरं, तेवढाच इसावा." ती हसली, पण तिचा हात लुगड्याच्या घडीवर होता. "लोक काय म्हनत्याल ह्याचा इचार केला असता, बेंजा, तर तू उपाशी ऱ्हायला असतास."

ती ते सहज म्हणाली, टोमणा म्हणून नाही. तरी बन्यामीन खाली बघत होता. उद्या मतं देणाऱ्यांची एकेक तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार हे बापाला दिसत होतं. गिदोनने काही सुचवलं नाही. मुलगा अडतीस वर्षांचा होता आणि हे त्याचं त्यानेच ठरवायचं होतं. पण आता ह्या बायका उठल्या तर पुन्हा येणार नव्हत्या.

बन्यामीनने गीतांची पुस्तकं खुर्चीवर ठेवली. खुर्च्यांची रांग त्याने सकाळी दोरी लावून सरळ केली होती. त्यातल्या दोन खुर्च्या त्याने बाजूला ओढल्या आणि तिथे पाट मांडला.

"मेरी, बस," तो म्हणाला.

मेरी इतक्या चटकन बसली की हन्नाला खोकला आला.

साखरबाईने तिच्या पदरात गहू घातले, खण घातला, नारळ घातला. कपाळाकडे हात नेला नाही. रंगुबाईने चुडा भरायला घेतला तेव्हा मेरीने डोळे मिटले होते. ती प्रार्थना करत होती की हात दुखत होता, ते कुणाला कळलं नाही. नेमके तेव्हाच फाटकाची कडी वाजली आणि पाळकसाहेब आत आले, बरोबर मंडळीतली दोन वडीलधारी माणसं. चार वाजायला अजून अवकाश होता. पण पुरणाच्या वासाने घड्याळं पुढे जातात असा गिदोनचा अनुभव होता.

पाळकसाहेब पायरीवर थांबले. ट्रक, बायका, पाट, हिरवं लुगडं, सगळं त्यांनी चष्म्यातून नीट पाहून घेतलं. बरोबरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बन्यामीन पुढे झाला. त्याचा आवाज सुरुवातीला चिरकला. "या, पाळकसाहेब. ह्या साखरबाई. माझ्या दूधआई. माझ्या आईच्या वर्षाला माझ्या बायकोची ओटी भरायला आल्यात. मी हो म्हटलं आहे."

"कुंकू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"गेलेल्यांचं ताट?"

"न्हाई वो," साखरबाई म्हणाली. "जित्या सवाष्णीला जेवू घालतोय. मेलेलीला आता कुठली भूक?"

पाळकसाहेबांनी जरा विचार केला. "जेवणाआधी प्रार्थना कोण करणार आहे?"

"तुम्हीच," बन्यामीन म्हणाला.

"मग आटोपशीर करतो. पोळ्या निवतील."

बरोबरच्या दोघांपैकी एकाला हे आवडलं नाही. तो चहाही न घेता गेला आणि उद्या तो कुणाला मत देणार हे सांगायची गरज नव्हती. बन्यामीनने त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येताना तो वडिलासारखा चालत नव्हता. तो सरळ साखरबाईपुढच्या पानावर येऊन बसला आणि म्हणाला, "मलाही तूप वरून लागतं."

जेवणं ओसरीवरच झाली. जयसिंग आणि बन्यामीन शेजारी बसले आणि सगळ्यांत जास्त पोळ्या कुणी खाल्ल्या यावरून त्यांचं वाजलं. उपासना झाली ती जेवणानंतर, सुस्तावलेली, पण गीतं याआधी कुणी इतक्या खुल्या आवाजात म्हटली नव्हती. मनोगताची वेळ आली तेव्हा बन्यामीनने रात्र जागून लिहिलेला कागद खिशातच ठेवला आणि रंगुबाईला म्हणाला, "तुम्ही सांगा."

"मला बोलाया येत न्हाई," रंगुबाई म्हणाली. "त्यांची ववी म्हनते. पहाटं दवाखान्यामागं माझ्या जात्यावर बसायच्या. निम्म्या वव्या त्यांच्या, निम्म्या माझ्या."

तिने खुंटा धरल्यासारखी मूठ वळली आणि हात फिरवत म्हणू लागली:

*पहिली माझी ओवी गं, तारणाऱ्या प्रभूला,*
*दुसरी माझी ओवी, दौंडाच्या त्या धुराला.*

*तिसरी माझी ओवी गं, काजळीच्या हाताला,*
*गिदोनराव येती तवा साबन पुरंना घराला.*

बायका हसल्या. पाळकसाहेबही हसले. गिदोनने आपले हात मांडीवरून उचलून समोर धरले, आणि त्यांच्याकडे बघत राहिला. लग्नापासून कृपाने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. नेहमी अहो म्हणे, नाहीतर बन्यामीनचे बाबा.

*चौथी माझी ओवी गं, शनिवारच्या वाटंला,*
*येवो न येवो राया, डोळं लागलं फाट्याला.*

"रोज म्हनायची?" त्याने विचारलं.

"पीठ रोज लागतंय की, दाजी," रंगुबाई म्हणाली. "सोमवारपास्नंच शनिवारची ववी म्हनायच्या. आमच्या पोरींना तुमचं नाव तुमी गावात यायच्या आदी पाठ झालं."

हन्नाने बापाच्या पाठीवर हात ठेवला. त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण विचारायचं राहिलेलं सगळं त्या एका ओवीत आलं होतं. म्हातारा मनमोकळा रडला आणि रडताना मधेच, साबण पुरंना, असं म्हणून हसला.

"आता तुमी नाव घ्या," साखरबाई म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? तिनं इतकी सालं घेतलं. तुमी एकडाव तरी घेतलंत का?"

मिशनच्या देवळात लग्न लागलं तेव्हा पाळकाने विचारलं तेवढंच तो बोलला होता. उखाणा कुणी मागितला नव्हता. पुढे चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची वेळ आली नाही, आणि एकटं असताना गरज पडली नाही. गिदोन उठून उभा राहिला. बन्यामीन, हन्ना, मेरी, पाळकसाहेब, अख्खं आंबेदरं त्याच्याकडे बघत होतं. तो नव्या नवऱ्यासारखा लाजला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"इंजनाला लागतो कोळसा," तो हळू म्हणाला, "कोळशाला लागतो जाळ..."

"पुढं?" बायका ओरडल्या.

"कृपाचं नाव घेतो, जिनं गाजवला समदा माळ."

ओसरी दणाणली. जयसिंगने शिट्टी मारली, आणि ती रविवारची नसली तरी बन्यामीनने दचकून आईच्या फोटोकडे पाहिलं. मग त्यालाही हसू फुटलं.

साखरबाई मात्र मान हलवत होती. "ऐकू आलं न्हाई, दाजी. नाव कुनाचं घेतलं?"

"कृपाचं."

"मोठ्यानं घ्या. ती काय जवळ बसलीया का, कुजबुजाया?"

गिदोनने श्वास भरून घेतला आणि बायकोचं नाव असं घेतलं, की रस्त्याने जाणारी माणसं थांबून फाटकातून आत पाहू लागली.